आईची नागीण, रोजरी आणि देवाला विचारलेला प्रश्न

गेल्या वर्षी आईला नागीण झाली. उजव्या बरगडीखाली लाल पट्टा उठला आणि ठाण्यात चरईतल्या आमच्या बिल्डिंगमध्ये जो तो पहिलं हेच विचारायचा, "तोंड नि शेपूट जुळलं नाही ना?" नागिणीने कमरेला पूर्ण वेढा घातला की माणूस जातो अशी समजूत आहे ना आपल्याकडे, म्हणून. तसं काही नसतं. लहानपणी कांजण्या येऊन गेल्या तरी तो व्हायरस शरीरातून जात नाही, पाठीच्या कण्याजवळ नसांच्या ज्या गाठी असतात त्यात वर्षानुवर्षं गप्प पडून राहतो, आणि वय झालं, प्रतिकारशक्ती कमी झाली की एखाद्या नसेच्या वाटेने बाहेर येतो. ती नस एका बाजूची असते म्हणून पट्टाही बहुतेक वेळा एकाच बाजूला उठतो. व्हायरसवरच्या गोळ्या पुरळ उठल्यापासून ७२ तासांच्या आत सुरू झाल्या तर सगळ्यात चांगलं, हे मला तेव्हा माहीत नव्हतं, आम्ही चार दिवस गेरूचा लेप लावत बसलो. त्याचं मला अजून वाईट वाटतं.

फोड तीन आठवड्यांत सुकले पण दुखणं गेलं नाही. नस एकदा खराब झाली की कारण नसताना मेंदूला सिग्नल पाठवत राहते, साडीचा पदर लागला तरी चटका बसल्यासारखं होतं. आठ महिने हे चाललं. आई रोज रोजरी, म्हणजे मण्यांच्या माळेवरची मरियामातेची प्रार्थना, म्हणणारी, रविवारची मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, न चुकवणारी. प्रार्थनेला येणाऱ्या एक बाई एकदा तिला भेटायला आल्या आणि जाताना म्हणाल्या, "तुमचा विश्वास कुठेतरी कमी पडतोय, नाहीतर एव्हाना बरं वाटलं असतं." त्या रात्री आई घरातल्या ऑल्टरसमोर, म्हणजे देवाच्या जागेसमोर, बसून मोठ्याने म्हणाली, "तुला दिसत नाही का रे? का सोडलंस मला?" तिला असं बोलताना मी कधीच ऐकलं नव्हतं, मी घाबरलो. त्यानंतर मी जे मिळेल ते वाचायला लागलो.

एक प्रयोग ऑक्सफर्डचा, २००८ मध्ये छापून आलेला. १२ कॅथलिक लोक आणि १२ देव न मानणारे. हाताला विजेचे छोटे झटके द्यायचे आणि त्याच वेळी समोर एक चित्र दाखवायचं, एकदा मरियामातेचं आणि एकदा लिओनार्दोने काढलेल्या एका साध्या बाईचं. मरियामाता समोर असताना कॅथलिकांनी झटका कमी दुखला असं सांगितलं, दुसऱ्या गटाला दोन्ही चित्रांत फरक नाही. स्कॅनमध्ये कॅथलिकांच्या मेंदूच्या पुढच्या उजव्या भागातली एक जागा जास्त कामाला लागलेली दिसली, एखाद्या गोष्टीकडे बघायची नजर बदलून तिचा त्रास कमी करायचा असतो तेव्हा कामाला येणारी ही जागा. म्हणजे झटका तोच, पण मेंदूने तो वेगळा घेतला. आईचं दुखणं "मनाचं" आहे असा याचा अर्थ बिलकुल नाही, कुठलंही दुखणं शेवटी मेंदूतच जाणवतं, खरं असलं तरी.

रोजरीवरचा अभ्यास तर मला फारच आवडला. २००१ मध्ये इटलीतल्या डॉक्टरांच्या टीमने २३ निरोगी माणसांकडून नमो मरिया, म्हणजे रोजरीत पुन्हा पुन्हा येणारी प्रार्थना, लॅटिनमध्ये म्हणून घेतली, आणि 'ओम मणि पद्मे ओम' हा मंत्रही. दोन्हीत श्वास मिनिटाला साधारण ६ वर आला. आपल्या रक्तदाबाची एक स्वतःची लय असते, साधारण दहा सेकंदांची, श्वास तिच्याशी जुळला की हृदय आणि रक्तवाहिन्यांचा ताळमेळ सुधारतो, त्यांना तो मोजता आला. यातली गंमत कळायला रोजरी कशी म्हणतात ते माहीत पाहिजे, पहिली अर्धी प्रार्थना एक माणूस म्हणतो, उरलेली अर्धी बाकीचे, म्हणजे एक बोलतो तेव्हा दुसऱ्याला श्वास घ्यायला आपोआप वेळ मिळतो. एकट्याने घाईघाईत पुटपुटलं तर ते साधणार नाही. मी आईच्या बाजूला बसून उरलेला अर्धा भाग म्हणायला लागलो तो तेव्हापासून.

पण प्रार्थना म्हणजे औषध असं मी लिहिणार नाही. २००६ मध्ये अमेरिकेत बायपासच्या १८०२ पेशंटवर मोठा अभ्यास झाला, पेशंटचे तीन गट केले, त्यातल्या दोन गटांसाठी अनोळखी लोकांनी प्रार्थना केली, तिसऱ्यासाठी नाही, आणि ऑपरेशननंतरच्या त्रासात काही फायदा दिसला नाही. उलट आपल्यासाठी नक्की प्रार्थना होतेय हे ज्यांना सांगितलं होतं त्यांच्यात ५९ टक्क्यांना त्रास झाला, बाकीच्या दोन्ही गटांत ५१-५२ टक्के. देव मोजमापात सापडत नाही एवढंच मी यातून घेतो, आणि आईची प्रीगॅबालिनची, म्हणजे नसांच्या दुखण्यावरची, गोळी वेळेवर देतो.

मला जे सांगायचंय ते मात्र केनेथ पार्गामेंट या मानसशास्त्रज्ञाच्या कामात आहे. त्यांच्या टीमने हॉस्पिटलात आलेले ५५ च्या पुढचे ५९६ पेशंट दोन वर्षं पाहिले, २००१ मध्ये ते छापलं. "देवाने मला टाकलंय का" असं ज्यांना वाटत होतं त्यांचा त्या काळात मृत्यूचा धोका जवळपास २८ टक्के जास्त निघाला, आजार किती गंभीर आहे वगैरे हिशेबात धरूनसुद्धा. वाचून माझ्या पोटात गोळा आला, कारण आई नेमकं तेच बोलली होती. पण त्याच टीमच्या पुढच्या कामात आलं की तब्येत जास्त ढासळली ती ज्यांचा हा झगडा सुरुवातीलाही होता आणि दोन वर्षांनीही तसाच होता त्यांची, मध्ये कधीतरी झगडून बाहेर आलेल्यांची तशी नाही. कशामुळे काय होतं हे अशा अभ्यासातून पक्कं ठरत नाही, हेही खरंय. तरी मला वाटतं की प्रश्न विचारण्यात धोका नाही, धोका आहे त्या प्रश्नात एकटं अडकून पडण्यात, आणि "तुझा विश्वास कमी पडतोय" म्हणणारा माणूस दुखणाऱ्याला तिथेच ढकलतो.

बायबलला तर या प्रश्नाची कधीच लाज वाटलेली नाही. १५० स्तोत्रांपैकी एक तृतीयांशाच्या वर विलापाची आहेत. बावीसावं स्तोत्र तर "माझा त्याग का केलास" इथूनच सुरू होतं, येशूने क्रुसावर तेच शब्द उच्चारले, आणि दर वर्षी झावळ्यांच्या रविवारी, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या रविवारी, तलावपाळीजवळच्या आमच्या चर्चमध्ये आम्ही सगळे तेच स्तोत्र म्हणतो. अठ्ठ्याऐंशीवं तर अंधारातच संपतं, शेवटी दिलासा म्हणून एक ओळ नाही.

फादर घरी कम्युनियन, म्हणजे मिस्सातली पवित्र भाकर, द्यायला आले तेव्हा आईने त्यांना घाबरत घाबरत सगळं सांगितलं, मी देवाशी भांडले फादर. ते काहीच बोलले नाहीत, खुर्ची जवळ ओढून बसले, आणि थोड्या वेळाने त्यांनी तेच अठ्ठ्याऐंशीवं वाचलं, हळूहळू, पूर्ण. आई रडली. दुखणं त्या रात्रीही होतंच, पण ती झोपली.

आता डॉक्टरांनी गोळीचा डोस निम्मा केलाय. ऑक्टोबरमध्ये बिल्डिंगमधली रोजरी एक दिवस आमच्या घरी होती, त्या बाईही आल्या होत्या. पहिला अर्धा भाग आईने म्हटला, पदर उजव्या बाजूला लागू नये म्हणून हातात धरून.