केसर मोजा, कांचन ओळखा

दसऱ्याला बाजारात 'सोनं' म्हणून जी पानं मिळतात, त्यांतली बरीचशी आपट्याची नसतात, कांचनाची असतात. दोन्ही झाडं एकाच कुळातली आणि पान दोघांचंही टोकाकडून दुभंगलेलं. आपट्याचं पान लहान, जाडसर आणि लांबीपेक्षा रुंदीला जास्त. कांचनाचं त्याहून बरंच मोठं. इतपत पानावरून भागतं. पण निरनिराळ्या कांचनांमधला फरक पानावरून सांगणं जाणकारांनाही अवघड जातं. तिथे फूलच पाहावं लागतं.

फुलात पाहायचे ते पुंकेसर. देवकांचनात (बौहिनिया पर्प्युरिया) परागकोश असलेले मोठे केसर बहुधा तीन, क्वचित चार. साध्या कांचनात (बौहिनिया व्हेरिगाटा) ते पाच. बाकीचे खुरटलेले असतात, ते मोजायचे नाहीत. देवकांचनाच्या पाकळ्या अरुंद असतात, दोन पाकळ्यांमध्ये फट दिसते. कांचनाच्या पाकळ्या रुंद, एकमेकींवर चढलेल्या, आणि त्यांतल्या एकीवर गडद रेघांची नक्षी. बहराचा काळही वेगळा. देवकांचन पावसाळा सरता सरता, अंगावर पानं असतानाच फुलतो. कांचन फेब्रुवारी-मार्चमध्ये, पानं बरीचशी गळून गेल्यावर. भाजी करतात ती याच्याच कळ्यांची.

रंगावर मात्र विसंबू नका. कांचनाचा एक प्रकार पांढराशुभ्र फुलतो आणि बागांमध्ये लावला जाणारा झुडूपवजा पांढरा कांचन (बौहिनिया ॲक्युमिनाटा) ही वेगळीच जात आहे. दोन्हींची फुलं शेजारी ठेवून केसर मोजा: पहिल्यात पाच, दुसऱ्यात दहा. दहा केसर पिवळ्या कांचनातही असतात, आणि उन्हाळ्यात लांब तुऱ्यांवर येणाऱ्या आपट्याच्या बारीक, फिकट फुलांतही. 'रक्तकांचन' हे नाव कोण कोणत्या झाडाला लावेल याचा नेम नाही, त्यामुळे रोपवाटिकेतल्या पाटीपेक्षा फूल जास्त भरवशाचं.

या मोजणीत एक झाड घोळ घालतं. हाँगकाँगच्या किनाऱ्याजवळ 1880 च्या सुमारास एका धर्मोपदेशकाला गडद किरमिजी, मोठ्या फुलांचं एक झाड सापडलं. 1908 मध्ये त्याला बौहिनिया ब्लेकियाना हे नाव मिळालं, तिथले माजी गव्हर्नर हेन्री ब्लेक यांच्यावरून. त्याचे सुपीक दिसणारे केसर पाच, पण तीन लांब आणि दोन आखूड. आईबापांपैकी एकाचे तीन, दुसऱ्याचे पाच, म्हणजे हिशेब बसतो! 2005 मध्ये जनुकीय तपासणीने तेच सिद्ध केलं: हा देवकांचन आणि कांचन यांचा संकर आहे. तो वांझ असल्यामुळे त्याला शेंगा धरत नाहीत. कलमं आणि फांद्यांवरूनच तो जगभर पसरला, आणि 1997 पासून त्याचं फूल हाँगकाँगच्या झेंड्यावर आहे. आपल्याकडे शहरांतल्या बागांमध्येही तो लावतात. ऐन थंडीत गडद फुलांनी लगडलेलं झाड दिसलं, आणि पुढे त्यावर एकही शेंग आली नाही, तर बहुधा हाच.