लॉकडाऊनमध्ये हार्ट अटॅक खरंच थांबले होते का?

‘लॉकडाऊनमध्ये हार्ट अटॅकचे पेशंटच नव्हते, म्हणजे एरवी हॉस्पिटलं उगाच भरती करून घेतात’ हा मेसेज अजूनही फिरतो.

त्यातलं निरीक्षण बरोबर आहे. इंग्लंडमध्ये मार्च २०२० अखेर अशा भरती सुमारे ४० टक्क्यांनी घटल्या होत्या, भारतातही घट झाली. त्यामुळे शंका येणं स्वाभाविक आहे. पण भरतीचा आकडा फक्त हॉस्पिटलपर्यंत पोचलेल्यांचा असतो. घरी छातीत दुखत असताना ‘ॲसिडिटी असेल, कोविडच्या वॉर्डात कशाला जायचं’ म्हणून थांबलेला माणूस त्यात येतच नाही.

उगाच भरती हेच कारण असतं, तर मोठे अटॅक कमी व्हायला नको होते. रक्तवाहिनी पूर्ण बंद पडल्यावर ते ईसीजीच्या पट्टीवर उमटतं, तिथे मतभेदाला फारशी जागा नसते. तरी इंग्लंडमध्ये तेही सुमारे २३ टक्क्यांनी घटले. इटलीत मार्चच्या एका आठवड्यात भरती झालेल्या अशा रुग्णांतला मृत्युदर आदल्या वर्षीच्या ४.१ वरून १३.७ टक्क्यांवर गेला. काही मृत्यूंत कोविडचाही हात होता, पण उशिराचा फटका मोठा होता. धावपळ थांबल्याने थोडे अटॅक टळलेही असतील.

पडताळायचं असेल तर भरतीसोबत दोन गोष्टी शोधा: दुखू लागल्यापासून पोचायला लागलेला वेळ आणि घरी झालेले मृत्यू. छातीत दाब, घाम, डाव्या हाताला कळ असेल, तर महाराष्ट्रात १०८ लगेच फिरवा.