घटपर्णीला घट का येत नाहीत?

घटपर्णी म्हणजे पानांच्या टोकाला घटासारखे सापळे धरून त्यात किडे पकडणारं कीटकभक्षी झाड. नर्सरीतून आणताना तिला चांगले सात-आठ घट लोंबत असतात. घरी आल्यावर ते एकेक करून वाळतात. नवी पानं हिरवीगार येतात, पण टोकाला नुसता तणावा आणि त्याच्या शेंड्याला राईएवढी गाठ. ती गाठ तिथेच काळी पडते. मग माणूस काळजीने खत घालतो, आणि खरा घोटाळा तिथे होतो.

आपल्या देशात रानात आढळणारी घटपर्णीची एकमेव जात म्हणजे नेपेंथिस खासियाना. मेघालयात गारो, खासी आणि जैंतिया टेकड्यांवरच्या निकृष्ट जमिनीत ती वाढते. तिथल्या मातीत नत्र जेमतेम, म्हणून पानाच्याच एका भागाचा घट झाला. घटाची कड ओली झाली की कमालीची निसरडी होते. त्यावरून मुंगी घसरते, आतल्या पाचक रसात बुडते आणि तिच्यातलं नत्र झाडाला मिळतं. मुळांनाच भरपूर नत्र मिळालं तर घट धरायची गरज उरत नाही. शिवाय खताने या झाडाची नाजूक मुळं जळतात ती वेगळीच. म्हणून कुंडीत शेणखत, गांडूळखत, बागेतली माती काहीच नको. स्फॅग्नम मॉस (पाणी धरून ठेवणारं वाळलेलं शेवाळ) आणि परलाइट (हलके पांढरे खनिजाचे दाणे) पुरे.

खत बंद करूनही घट धरत नसतील तर हवा आणि ऊन बघा. हवेतली आर्द्रता ६० टक्क्यांच्या खाली राहिली की गाठी सुकू लागतात. कोकणात हे झाड सुखात असतं. पुण्याच्या एप्रिल-मेमध्ये रुसतं आणि पावसाळ्यात पुन्हा घट धरू लागतं. दिवाणखान्यातल्या कोपऱ्यात मात्र ते बाराही महिने नुसती पानंच काढेल. सकाळचं कोवळं ऊन हवंच.

पाण्याचं पथ्य कडक आहे. बोअरच्या पाण्यातले क्षार कुंडीत साचतात, मॉसवर पांढरा थर धरतो आणि पानांच्या कडा करपतात. पावसाचं पाणी सर्वांत उत्तम, नाहीतर आरओचं. टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण, ५०च्या आसपास असला की झालं. कुंडीखालच्या बशीत मात्र पाणी साठवू नका. बशीत पाणी ठेवायचा सल्ला अमेरिकेतल्या दलदलीत वाढणाऱ्या सारासेनिया या दुसऱ्या कीटकभक्षी झाडासाठी ठीक आहे. आपल्या घटपर्णीची (नेपेंथिसची) मुळं त्याने कुजतात.

जुना घट झाकणाकडून खाली तपकिरी होत गेला तर घाबरायचं कारण नाही, त्याचं आयुष्य संपलं एवढंच. नवी पानं वेडीवाकडी येत असतील तर पानांच्या बेचक्यात पिठ्या ढेकूण शोधा आणि स्पिरिटमध्ये बुडवलेल्या कापसाने पुसून काढा. घटात चिकनचे किंवा पनीरचे तुकडे टाकायची हौस काहींना असते. ते आत सडतात आणि घटही सडवतात. बाल्कनीतल्या मुंग्या झाडाला पुरतात.

पहिल्यांदाच लावत असाल तर 'वेंट्राटा' हा संकर घ्या. तो काटक आहे आणि नर्सरीत सहज मिळतो. रानातून उपटलेली खासियाना कुणी देऊ केली तर घेऊ नका. ती संकटग्रस्त आहे आणि तिच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर कडक निर्बंध आहेत.