सर्व्हर क्लाउडवर न्यायचा का? आधी हे तपासा

जुना सर्व्हर, म्हणजे ऑफिसातल्या सगळ्यांच्या फाइली आणि सॉफ्टवेअर सांभाळणारा मुख्य संगणक, बदलायची वेळ आली की ग्राहक आम्हाला विचारतात, "आता सगळं क्लाउडवरच टाकायचं का?" बहुतेक वेळा आम्ही सांगतो, थोडं न्या, थोडं राहू द्या. हा निर्णय एकेका कामापुरता घ्यायचा असतो.

क्लाउड म्हणजे दुसऱ्याच्या डेटा सेंटरमधलं (अनेक सर्व्हर एकत्र ठेवलेल्या इमारतीतलं) मशीन इंटरनेटवरून भाड्यानं घेणं. भाडं वापराप्रमाणे लागतं, म्हणून आधी बघा की तुमचं मशीन खरंच किती वेळ राबतं. महिन्याचे तास साधारण 730. रोज 8 तास, 22 दिवस चालणारं काम 176 तासांत आटोपतं. उरलेल्या वेळी मशीन बंद ठेवलं तर त्याचं भाडं वाचतं, डिस्कचं मात्र चालूच राहतं. वर्षातले चार दिवस दहापट गर्दी होत असेल, तर क्लाउडला तोड नाही. पण रात्रंदिवस एकसारखा भार असेल, तर स्वतःचा सर्व्हर पाच वर्षांत स्वस्त पडू शकतो. दोन्हींचा पाच वर्षांचा खर्च कागदावर मांडा. त्यात वीज, एसी, यूपीएस धरा आणि सर्व्हर सांभाळणाऱ्या माणसाचा पगारही धरा. तो आकडा हमखास राहून जातो.

इंटरनेटची लाइनही तपासा. 100 एमबीपीएस (सेकंदाला 100 मेगाबिट) वेगाच्या लाइनवरून 1 टीबी, म्हणजे 1,000 जीबी, डेटा चढवायला, ती पूर्ण वेगानं चालली तरी, 22 तास लागतात.

करारात "99.9 टक्के सेवा" लिहिलेलं असतं. म्हणजे वर्षाला जवळजवळ पावणेनऊ तास सेवा बंद राहिली तरी करार मोडत नाही. मोडलाच, तर भरपाई बहुधा पुढच्या बिलातल्या सवलतीची. बुडालेल्या कामाचे पैसे कोणी देत नाही.

आम्हाला सर्वांत काळजी वाटते ती बॅकअपची. क्लाउडवर ठेवलं म्हणजे बॅकअप झाला, असं समजू नका. 10 मार्च 2021 रोजी फ्रान्समधल्या स्ट्रासबर्ग इथलं एक डेटा सेंटर आगीत जळून गेलं. ज्यांची दुसरी प्रत दुसरीकडे नव्हती, त्यांचा डेटा कायमचा गेला. पासवर्ड कोणाकडे, कोणाला काय उघडता येतं, हेही तुम्हालाच सांभाळायचं असतं.

सही करण्याआधी बाहेर पडण्याचा खर्च विचारा. अनेक ठिकाणी डेटा आत टाकायला पैसे लागत नाहीत, बाहेर काढायला दर जीबीमागे लागतात.

आमच्याकडे येताना प्रत्येक सॉफ्टवेअर कोण, कधी वापरतं याची यादी आणि बारा महिन्यांची वीजबिलं आणा. सुरुवात ईमेल आणि फाइलींच्या बॅकअपपासून करू. हिशेबाचं सॉफ्टवेअर सर्वांत शेवटी हलवू, आणि तेही जुना सर्व्हर महिनाभर सोबत चालू ठेवून.