घरगुती लेथ

घरगुती लेथ : जुनी मोटर, लाकूड, अँगल, पाइप, काँक्रीट आणि भंगारातले सुटे भाग जुळवून स्वतः बांधलेले कातकामाचे यंत्र. लेथवर जॉब, म्हणजे कातायचा तुकडा, फिरतो आणि हत्यार त्याला बाहेरून टेकते. ड्रिलमशीनच्या नेमके उलट. हत्यार जागेवर घट्ट धरले आणि जॉबचा आस हलू दिला नाही, की कापलेला भाग गोलच होतो, मग यंत्र दिसायला कितीही ओबडधोबड असो. कमी खर्चात लेथ बांधता येतो तो या एका गुणामुळे.

विजेआधी कातारी हाताने किंवा पायाने लेथ चालवत. धनुकलीच्या दोरीचा वेढा जॉबभोवती घ्यायचा आणि धनुकली पुढेमागे ओढायची. जॉब आलटून पालटून दोन्ही दिशांना फिरे, आणि हत्यार फक्त एकाच दिशेला कापे. दोन ठोकळे, दोन टोकदार खिळे आणि एक दोरी एवढ्यावर आजही असा लेथ उभा राहतो. धातूच्या कामाला मात्र हत्यार धरणारी सरकती बैठक लागते. इंग्लंडमध्ये हेन्री मॉडस्ले यांनी १८०० च्या सुमारास अशी बैठक लांब स्क्रूला जोडून नेमके आटे पाडणारा लेथ बनवला. अमेरिकेतील डेव्हिड गिंगेरी यांनी १९८० च्या सुमारास लोणारी कोळशाच्या भट्टीत भंगार अॅल्युमिनियम वितळवून, वाळूच्या साच्यात ओतून लेथ घडवण्याची पद्धत हौशी लोकांपुढे मांडली.

लाकडासाठीचा लेथ सोपा. दोन समांतर अँगल किंवा जाड फळ्या हा बेड. डाव्या टोकाला जॉब फिरवणारा हेडस्टॉक, उजवीकडे जॉबचे दुसरे टोक धरणारा, सरकवून आवळता येणारा टेलस्टॉक, मधे हत्यार टेकवायला आडवी पट्टी. पुष्कळ जण हातड्रिलच आडवे बांधून हेडस्टॉक म्हणून वापरतात. लहान लट्टू, मुठी यांना ते चालते, पण ड्रिलचे बेअरिंग सरळ दाबासाठी बसवलेले असते. बाजूने ताण आला की ते लवकर खिळखिळे होते. त्यापेक्षा एका दांड्यावर शक्य तितक्या अंतरावर दोन बेअरिंगे बसवून पट्ट्याने फिरवणे केव्हाही बरे. वाहनाच्या चाकाचा जुना हब, म्हणजे चाकाचा बेअरिंगवर फिरणारा मधला भाग, मिळाला तर अर्धे काम झालेच समजावे, कारण तो बाजूचा भार सोसण्यासाठीच बनलेला असतो.

वेगाच्या हिशेबात लाकूड आणि लोखंड यांच्या वाटा वेगळ्या होतात. साधी इंडक्शन मोटर मिनिटाला सुमारे १,४४० फेरे घेते. ५० मिमी व्यासाचे लाकूड या वेगाने खुशाल कातता येते. त्याच व्यासाची मऊ पोलादी सळई हायस्पीड स्टीलच्या हत्याराने मिनिटाला ३० मीटर या वेगाने कापायची, तर फेरे १९० च्या आसपास हवेत. म्हणजे वेग सात-आठ पटींनी उतरवणे आले. ते एका जोडीने साधत नाही. मधे आणखी एक दांडा टाकून पुलींच्या दोन जोड्या लावाव्या लागतात. धुलाईयंत्रातली कार्बन ब्रश असलेली मोटर घेतली तर सावध राहावे : काहींचा वेग बिनभाराने बेफाम वाढतो.

खरी कसोटी मात्र जुळणीची. दोन्ही सेंटरची, म्हणजे जॉबला दोन्हीकडून धरणाऱ्या अणकुचीदार खुंट्यांची, टोके समोरासमोर आणून एकमेकांना भिडवावीत. टेलस्टॉक आडवा ०.१ मिमी सरकलेला असेल, तर दोन सेंटरमध्ये धरलेल्या जॉबच्या दोन टोकांच्या व्यासात ०.२ मिमी फरक पडतो. तोच ०.१ मिमीचा दोष वर-खाली असेल तर ५० मिमी जाडीच्या जॉबवर जवळपास दिसतही नाही. तेव्हा वेळ आडव्या जुळणीवर घालवावा.

काही दोष लेथ स्वतःच काढतो. दांड्यावर लाकडाची चकती स्क्रूने बसवली की ती फिरताना हमखास डगमगते. मोटर चालू करून तिचा चेहरा आणि कड तिथल्या तिथे कातून काढली, की ती आसाशी पक्की गोल होते आणि मोजमापाची गरजच राहत नाही. मात्र तीच चकती काढून पुन्हा वेगळ्या जागी बसवली, की मेहनत वाया. हेडस्टॉकचा आस बेडला समांतर नसणे हा दोष असा सुटत नाही. तो पत्र्याच्या पातळ चकत्या घालून, चाचणीचा तुकडा कातून, पुन्हा मोजून कमी करावा लागतो. बेड काँक्रीटचा असेल तर ही जुळणी घाईने करू नये, कारण काँक्रीट घट्ट होताना आक्रसते. ते पुरते मुरल्यावरच मार्गपट्ट्या, म्हणजे बैठक ज्यांवरून सरकते त्या पट्ट्या, बसवाव्यात. त्याचे वजन मात्र फायद्याचे. हलक्या लेथवर जॉबच्या अंगावर थरथरीच्या बारीक लाटा उमटतात, आणि खालच्या कप्प्यात वाळूची पोती ठेवली तरी त्या बऱ्याच कमी होतात.

चालू करण्यापूर्वी जॉब हाताने एक पूर्ण फेरा फिरवून पाहतात. हत्यारपट्टी जॉबपासून ३ ते ५ मिमीवर असते आणि ती मोटर बंद असतानाच सरकवतात. पुलींवर झाकण, हाताशी बंद-बटण, मोटरला अर्थिंग आणि तोंडावर पारदर्शक ढाल हवीच. हातमोजे घालू नयेत : धागा जॉबमध्ये गुंतला की तो बोटांसकट हात ओढतो. लांब बाही, ओढणी, मोकळे केस यांचेही तेच. चकची, म्हणजे जॉब जबड्यांत आवळून धरणाऱ्या पकडीची, किल्ली चकमध्येच विसरणे ही सर्वांत सामान्य चूक. मोटर चालू होताच ती गोफणीच्या दगडासारखी सुटते.