मडगार्ड आहे, मग फ्लॅप कशाला?

गेल्या पावसाळ्यात घाटंजीकडून यवतमाळला येताना माझ्या चुलतभावाची कार बंद पडली. एका पिकअपवाल्याने लोखंडी दांड्याने टोचन लावून आणून दिली. बिघाड किरकोळ निघाला, पण वाटेत हेडलाइट फुटला, समोरच्या काचेला तडा गेला, बोनेटचा रंग खड्यांनी उडाला. पिकअपवाला म्हणे, "दादा, चारही चाकांना मडगार्ड आहेत ना!" होतेच. मागच्या चाकांमागचे रबरी फ्लॅप तेवढे नव्हते.

दोन्ही चिखल अडवतात म्हणून आपण सरसकट मडगार्डच म्हणतो. पण मडगार्ड म्हणजे चाकावरची पत्र्याची किंवा प्लास्टिकची कमान, ती आपली गाडी सांभाळते. चाकामागे लोंबतो तो फ्लॅप, तो मागच्याला वाचवतो. एरवी मागचा अंतर ठेवून चालतो. टोचनवरच्या गाडीला ती सोय नाही.

चाक खडा मागे फेकतं, असं आपल्याला वाटतं. खरं तर न घसरता फिरणाऱ्या चाकातून सुटलेला खडा वर उडतो आणि थोडा पुढेच जातो. फक्त गाडीच्या वेगाने जात नाही, म्हणून मागून येणारी कार त्याच्यावर जाऊन आदळते. वेग वाढला की मार वाढतो, तो यामुळे. चिखलात चाक जागीच गरगरतं तेव्हा मात्र गारा खरोखरच मागे उडतो.

काळ्या मातीत मडगार्डचं वेगळंच दुखणं. ती माती टायर आणि मडगार्डच्या मधे ठासून बसते आणि चाकच अडकतं. म्हणून तर पावसाळ्यात वावरात जाणारे कितीतरी जण मोटरसायकलचं पुढचं मडगार्ड काढून ठेवतात. मोकळ्या लोंबत्या फ्लॅपला माती अशी ठासत नाही.

अमेरिकेत राहत्या घरासारखी मोठी गाडी घेऊन फिरणारे लोक मागे छोटी कार जोडून नेतात. त्यातले काहीजण गाडीच्या पूर्ण रुंदीचा एकच रबरी पडदा लावतात. इंजिन आणि रेडिएटर मागे असलेल्या गाडीत तो पडदा हवा कोंडू शकतो. आपल्या पिकअपचं इंजिन पुढे, तेव्हा ती भीती नाही. तरी मी पडदा लावणार नाही. पांदण रस्त्यावर दोन चाकोऱ्यांच्या मधे मातीचा उंच वरंबा असतो, पडदा त्यावर घासत जाईल. प्रत्येक चाकामागे टायरपेक्षा थोडा रुंद, जाड रबराचा फ्लॅप बरा. सायलेन्सरच्या तोंडाशी मात्र रबर येऊ देऊ नका.

उंची माल भरलेल्या गाडीवर मोजा, रिकामीवर नको. कापसाचं ओझं पडलं की मागची बाजू दबते आणि फ्लॅप रस्त्याला टेकतो. मग रिव्हर्स घेताना तो टायरखाली सापडतो आणि बोल्टासकट उपटून निघतो.