डोमेन प्रत्यय
डोमेन प्रत्यय : संकेतस्थळाच्या नावातील उजवीकडचा असा भाग, की ज्याच्या लगेच डावीकडे एखाद्या व्यक्तीला वा संस्थेला स्वतःचे नाव नोंदवता येते. जळगाव जिल्हा प्रशासनाच्या 'जळगाव डॉट जीओव्ही डॉट इन' या (मुळात रोमन लिपीतील) नावात 'जीओव्ही डॉट इन' हा प्रत्यय आणि 'जळगाव' हे नोंदलेले नाव. व्याकरणातील प्रत्ययाशी याचे साम्य वरवरचे आहे. जुन्या पत्त्यांतील 'पू. खा.', 'प. खा.' या जोडण्या त्याला अधिक जवळच्या. 1906 मध्ये खान्देश जिल्ह्याचे पूर्व आणि पश्चिम असे भाग झाले, म्हणून अमळनेरपुढे 'पू. खा.' आले, अक्षरे न्याहाळून ते कळत नाही, कारभार ठाऊक असावा लागतो.

सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांची अडचण नेमकी हीच. प्रत्यय कुठे संपतो हे न कळल्यास ब्राउझर एका स्थळाची कुकी (स्थळाने ब्राउझरमध्ये ठेवलेली छोटी नोंद) दुसऱ्याच्या हाती देऊ शकतो. 'को डॉट इन' या नावावर कुकी ठेवू दिली, तर त्याखालची धुळे-भुसावळच्या दुकानांपासून मुंबईच्या कंपन्यांपर्यंतची सारी स्थळे ती वाचू शकतील. नेटस्केप या ब्राउझरमध्ये 1994 च्या सुमारास कुकी आली तेव्हा यावर टिंबे मोजण्याचा उपाय योजला होता : कॉम, ईडीयू, नेट, ओआरजी, जीओव्ही, एमआयएल आणि आयएनटी या सात प्रत्ययांखाली किमान दोन टिंबे, इतरत्र किमान तीन (कुकीच्या नावाआधी लिहायचे टिंब धरून). 'को डॉट इन'खालच्या नावांना हा नियम बरा लागू पडे. परंतु 2005 मध्ये 'डॉट इन'च्या थेट खाली नोंदणी सर्वांना खुली झाली. त्या नावांत टिंबे दोनच, म्हणजे रास्त मालकही अडणार. उलट अमेरिकेतील शाळांसाठीचा 'के12 डॉट सीए डॉट यूएस' हा तीन भागांचा प्रत्यय असूनही नियमातून सुटतो.

यावर दोन मते दिसतात. एका मतानुसार ही सीमा डीएनएसमध्येच (नावांवरून संगणकांचे पत्ते शोधून देणाऱ्या यंत्रणेत) नोंदवावी, म्हणजे प्रत्ययांची वेगळी यादी सांभाळायला नको. इंटरनेटचे तांत्रिक नियम ठरवणाऱ्या आयईटीएफच्या 'डीबाउंड' या कार्यगटाने त्या दिशेने केलेला प्रयत्न तडीस गेला नाही. डीएनएसमधील झोनची (एकाच कारभाराखालच्या नावांच्या गटाची) हद्द हीच प्रत्ययाची सीमा मानावी, तर मोठी संस्था आपल्या विभागांनाही वेगळे झोन देते. दुसरे मत यादीचे. ते ओबडधोबड खरे, पण प्रत्यक्षात तेच चालते.

ही यादी म्हणजे फायरफॉक्स ब्राउझर बनवणाऱ्या मोझिलाने सुरू केलेली पब्लिक सफिक्स लिस्ट. 2008 च्या फायरफॉक्स 3 मध्ये ती वापरात होती. साध्या मजकुराच्या या फाइलमध्ये दर ओळीला एक नियम असतो आणि जुळणी उजवीकडून डावीकडे होते. ज्या नियमाचे सर्वाधिक भाग जुळतात तो लागू. तारांकन म्हणजे त्या जागी कोणतेही एक नाव. उद्गारचिन्ह म्हणजे अपवाद, आणि अपवाद सर्वांवर मात करतो. कुक बेटांच्या 'सीके'खालचे प्रत्येक नाव प्रत्यय ठरते, 'डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू डॉट सीके' तेवढे वगळून. एकही नियम न जुळल्यास शेवटचा भाग हाच प्रत्यय मानतात. यादीच्या खासगी विभागात 'गिटहब डॉट आयओ'सारखी नावे आहेत. त्यामुळे शिरपूरच्या दोन विद्यार्थ्यांची तिथली स्थळे परस्परांच्या कुकीजपासून अलग राहतात. जावा या प्रोग्रॅमिंग भाषेसाठी ग्वावा, पायथॉनसाठी टीएलडीएक्स्ट्रॅक्ट अशी तयार साधने आहेत. त्यांच्यासोबत आलेली यादीची प्रत वेळोवेळी बदलली नाही, तर नवे प्रत्यय ओळखले जात नाहीत.

देवनागरी 'डॉट भारत' हा प्रत्यय 2014 मध्ये नोंदणीसाठी खुला झाला. यंत्राच्या दृष्टीने तो 'एक्सएन--एच2बीआरजे9सी' असा, प्यूनीकोडमधला (इतर लिप्यांतील नावे रोमन अक्षरे व अंकांत लिहिण्याच्या पद्धतीतला) अकरा चिन्हांचा भाग आहे. शेवटचा भाग दोन ते चार रोमन अक्षरांचाच असतो असे गृहीत धरणारे ऑनलाइन अर्ज त्याला चुकीचा पत्ता म्हणून परत पाठवतात. 'खानदेश' आणि 'खान्देश' ही लेखनरूपे वाचकाला एकच वाटली तरी डीएनएसला ती दोन स्वतंत्र नावे आहेत. कोणते शुद्ध, हा वाद तिथे चालत नाही. दोन्ही नोंदवावी लागतात.

खान्देशातील जिल्ह्यांची शासकीय स्थळे 'एनआयसी डॉट इन'वरून 'जीओव्ही डॉट इन'वर आली. दोन्ही प्रत्यय यादीत असल्याने जळगाव, धुळे आणि नंदुरबार ही ब्राउझरला तीन वेगळी स्थळे दिसतात. शैक्षणिक संस्थांसाठी 'एसी डॉट इन' आहे. उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाला 2018 मध्ये कवयित्री बहिणाबाई चौधरींचे नाव मिळाले, तरी संकेतस्थळ 'एनएमयू डॉट एसी डॉट इन' याच नावाने चालू राहिले.